दुसऱ्यासाठी भाषण लिहायचंय? मग आधी ऐकायला बसा

कोल्हापुरात भाषणांचा सीझन असा वेगळा नसतोच, बारा महिने चालूच असतंय. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची म्हणून ऑगस्टपासनंच कारखाने, बँका, पतसंस्था, दूध संस्था यांची गडबड, त्यात गणपतीत तालीम मंडळांचे कार्यक्रम, मग ऊस परिषदा, डिसेंबर-जानेवारीला शाळांची गॅदरिंग, मे अखेरीला सेवानिवृत्तीचे सत्कार, 26 जूनला शाहू जयंती, आणि मधे कुठलीतरी निवडणूक असतेच असते. ह्या सगळ्यात माईकसमोर उभा राहणारा एक असतो आणि कागद लिहून देणारा बऱ्याचदा दुसराच. संस्थेचा सचिव, हायस्कूलचे मराठीचे सर, साहेबांचा पीए, नाहीतर घरातली कॉलेजला जाणारी पोरगी, "तुझं मराठी बरं हाय, दे की दोन पानं लिहून" म्हणून जिच्या गळ्यात पडतं ती. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय. स्वतःसाठी भाषण लिहिणाऱ्यालाही चालेल, फक्त त्याला मुलाखत स्वतःचीच घ्यावी लागेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बोलणाऱ्याच्या तोंडात रोज नसलेला शब्द कागदावर टाकायचा नाही. तुम्हाला कितीही आवडला तरी नाही. लोक भाषण वाचत नाहीत, ऐकतात, आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडात अनोळखी शब्द आला की मागच्या रांगेत लगेच कुजबूज सुरू होते, "हे कुणीतरी लिहून दिलंय."

पहिलं काम: वही नको, कान

भाषण ज्याला द्यायचंय त्याला तासभर तरी समोर बसवा. ऑफिसात नको, तिथं फोन वाजत राहतो आणि माणूस पण खुर्चीतल्यासारखा बोलतो. घरी, शेतावर, गाडीत कुठंही चालेल. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा (विचारून लावा) आणि भाषणाचा विषय काढूच नका. तुम्ही "कार्यक्रमात काय बोलायचं?" असं विचारलं की तो लगेच भाषणाच्या भाषेत शिरतो, "आम्ही शून्यातनं विश्व निर्माण केलं" वगैरे. त्यातनं काही हाताला लागत नाही.

त्याऐवजी छोटे, मोजता येणारे, डोळ्यासमोर येणारे प्रश्न विचारायचे. एका गावच्या दूध संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्यक्रमाचं भाषण होतं, चेअरमन अण्णा सुरुवातीला नुसते गौरवशाली वाटचालीवरच होते. मग विचारलं, "अण्णा, पहिल्या दिवशी दूध किती आलं वो?" अण्णा जरा थांबले आणि म्हणाले, "अडतीस लिटर. वजनकाटा कुठला आलाय, लिटरच्या मापानं मोजलं. त्यातलं दोन लिटर आमच्या आईचं. ती म्हणाली, पैसं मिळालं तर बघू, न्हाई मिळालं तर दूध काय वाया गेलं न्हाई, पोरांनीच प्याल्यागत हाय." संपलं, भाषण तिथंच मिळालं. बाकीचा तासभर मी फक्त ऐकत होतो.

विचारायचे प्रश्न साधारण असे: पहिल्या दिवशी काय झालं. सगळ्यात वाईट दिवस कुठला. तेव्हा कोण बरोबर होतं, कोण सोडून गेलं (हे भाषणात घालायचं नसतं पण माहीत पाहिजे, नाहीतर नेमकं त्याच माणसाचं नाव आभारात जातं). घरातले काय म्हणाले. कुठला आकडा पाठ आहे. माणसाला न बघता आठवणारा आकडा हा त्याच्या काळजीचा आकडा असतो, आणि तोच भाषणात शोभतो, अहवालातले बाकीचे सगळे अहवालातच राहू देत.

रेकॉर्डिंग घरी जाऊन परत ऐका आणि त्या माणसाच्या लकबी लिहून काढा. "बघा", "काय झालंय माहितीय का", "माझं म्हणणं एवढंच हाय", अशी दोन-तीन पालुपदं प्रत्येकाची ठरलेली असतात आणि वाक्य कुठं मोडतो, श्वास कुठं घेतो हे पण ठरलेलं असतं. ते सगळं कागदावर आलं पाहिजे. पण उगाच गावरान करायला जाऊ नका हां, जो माणूस घरी "आहे" म्हणतो त्याच्या तोंडात "हाय" घातलं की ते नाटक वाटतं.

कार्यक्रमाची चौकशी

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. किती लोक, कुठं, किती वाजता, यांच्या आधी कोण बोलणार, नंतर जेवण आहे का. बिंदू चौकातली सभा आणि दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या हॉलमधला कार्यक्रम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकात लोक उभे असतात, रिक्षा-गाड्यांचा आवाज असतो, कर्ण्यातनं गेलेला आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, तिथं लांब वाक्याचा शेवट कुणालाच कळत नाही. हॉलमध्ये लोक बसलेले असतात, तिथं एखादी गोष्ट सांगायला, जरा हळू बोलायला जागा मिळते. मंगल कार्यालयात तर पंख्यांचा आवाज आणि मागं पंगत लागलेली, तिथं पाच मिनिटांच्या वर जाऊच नका, माझा स्पष्ट सल्ला आहे.

वेळेचं गणित असं. स्टेजवर माणूस घरातल्यापेक्षा हळू बोलतो, मधे टाळ्या होतात, कुणीतरी उशिरा येतो त्याच्यासाठी थांबावं लागतं. मी मिनिटाला शंभर शब्द धरतो. सात मिनिटं मिळाली असतील तर सातशे शब्द, आणि मग त्यातलेही पन्नास कापायचे. आयोजक "दहा मिनिटं आहेत" म्हणाले तर सातच समजा, कारण सत्कार लांबतातच.

घरी काय घेऊन जाणार?

आता खरी पायरी. एका कागदाच्या चिठोऱ्यावर एकच वाक्य लिहा, कार्यक्रम संपल्यावर एखादी बाई घरी जाऊन नवऱ्याला किंवा सासूला "काय म्हणाले?" ह्याचं जे उत्तर देईल ते. ते वाक्य तुम्हाला लिहिता येत नसेल तर भाषण लिहायला घेऊच नका, परत जाऊन बसा त्या माणसाजवळ.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. हातकणंगले तालुक्यातलं माणगाव, 21 आणि 22 मार्च 1920 ची परिषद. अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर, वय तिशीच्या आत, आणि शाहू महाराज स्वतः तिथं आले. महाराजांच्या तिथल्या बोलण्यातलं लोकांनी शंभर वर्षं जपलंय ते एकच, की तुम्हाला तुमच्यातला तुमचा पुढारी मिळालाय. एक राजा गादीवर असताना दुसऱ्याकडं बोट दाखवून हा तुमचा नेता म्हणतो, याच्यापुढं अजून वेगळे मुद्दे लागतात कशाला.

दुसरं उदाहरण लांबचं पण सगळ्यांना ठाऊक असलेलं. 19 नोव्हेंबर 1863, अमेरिकेतलं गेटिसबर्ग. मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट, त्या काळचे नावाजलेले, ते दोन तास बोलले. त्यांच्यानंतर लिंकन उठले आणि साधारण 270 शब्द बोलून बसले. दुसऱ्या दिवशी खुद्द एव्हरेटनीच लिंकनना पत्र लिहून कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत मुद्द्याच्या जितके जवळ गेलात तितका मी दोन तासांत गेलो असतो तर स्वतःला धन्य समजलो असतो. आपल्याकडं एव्हरेट भरपूर आहेत, पत्र लिहिणारा मात्र अजून बघितला नाही.

सुरुवात, म्हणजे नावांची यादी

मराठी भाषणाचा खरा रोग इथं आहे. स्टेजवर वीस माणसं, प्रत्येकाचं नाव, पद, आधीचं पद, "ज्यांच्या हस्ते", "ज्यांच्या उपस्थितीत". सूत्रसंचालकानं एकदा सगळी नावं घेतलेली असतात, मग प्रत्येक वक्ता परत घेतो, आणि नाव राहिलं की रुसवा. यावर उपाय काय? नावं टाळायची नाहीत, गावात राहायचंय आपल्याला. पण यादी भाषणाच्या डोक्यावर ठेवायची नाही. पहिलं वाक्य मुद्द्याचं, लोकांनी मान वर केली, की मग अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे एवढी दोनच नावं आणि बाकी "स्टेजवरची सगळी माझी माणसं". ज्यांची नावं घ्यायलाच पाहिजेत त्यांची भाषणाच्या पोटात त्यांच्या कामासकट घ्या. "इमारतीचा स्लॅब टाकला त्या रात्री तात्या स्वतः बॅटरी घेऊन उभे होते" असं म्हटलं की तात्यांना यादीतल्या पाचव्या नंबरापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

संबोधनाला कमी समजू नका. 11 सप्टेंबर 1893 ला शिकागोत विवेकानंदांनी अमेरिकेतल्या लोकांना भगिनी-बंधू म्हटलं आणि मुद्दा सुरू व्हायच्या आधीच सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. बाळासाहेब ठाकऱ्यांचं "जमलेल्या माझ्या तमाम" एवढं ऐकलं की मैदान उसळायचं. पण ती त्यांची सही होती, ती उचलून तुमच्या सरपंचाच्या भाषणाला लावली की लोक हसतात. तुमच्या माणसाचं स्वतःचं संबोधन शोधा. मघाचे चेअरमन गावात सगळ्या बायकांना "मावश्यांनो" म्हणायचे, मग कागदावर पण तेच आलं.

आता ते भाषण. त्यांच्याकडं आधीपासनं एक कागद तयार होता, कुणीतरी दिलेला:

"सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, आजच्या या सुवर्णमहोत्सवी मंगलप्रसंगी संस्थेच्या गौरवशाली वाटचालीचा आढावा घेताना मला अत्यंत आनंद होत आहे. शून्यातून विश्व निर्माण करणाऱ्या संस्थापकांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन करून…"

त्याचं झालं हे:

"पहिल्या दिवशी आपल्या संस्थेत दूध आलं अडतीस लिटर.
त्यातलं दोन लिटर माझ्या आईचं.
आई म्हणाली होती, पैसं मिळालं तर बघू.
मावश्यांनो, पन्नास वर्षं झाली. दहा दिवसाचं बिल एकदाबी चुकलं न्हाई.
(थांबा)
आई आज नाही. पण तिच्याबरोबर त्या दिवशी किटली घेऊन आलेल्या तिघीजणी ह्या इथं पुढं बसल्यात.
आधी त्यांच्यासाठी टाळ्या होऊ देत."

यात एक धोका आहे तो बघा. "बिल एकदाबी चुकलं न्हाई" हे वाक्य सचिवाकडनं दप्तर उघडून खात्री केल्याशिवाय ठेवता येत नाही. कोल्हापुरात सभेत विरोधी गटाचा एक तरी माणूस जुन्या पावत्या खिशात घेऊन बसलेला असतोच. भाषणातला प्रत्येक आकडा, साल आणि नाव कागदावर तपासून घ्या, चेअरमननी स्वतः सांगितलं असलं तरी. त्या तिघीजणी खरंच येणार आहेत का हे पण फोन करून विचारलं होतं, आणि पुढच्या खुर्च्या राखून ठेवायला लावल्या.

आकडे कसे बोलायचे

वार्षिक सभेच्या भाषणात लोक एकाच आकड्यासाठी आलेले असतात. दूध संस्थेत दिवाळीला मिळणारा दूधदराचा फरक, कारखान्यात उसाचा दर. तो आकडा शेवटापर्यंत लपवून ठेवण्यात काही शहाणपण नाही, लोक मधलं काही ऐकतच नाहीत, नुसते वाट बघत बसतात आणि "मंजूर, मंजूर" च्या गोंधळात तुमचं सगळं वाहून जातं. पहिल्या दोन मिनिटांत सांगा आणि मग तो का आला, कसा आला ते समजवा.

कागदावर आकडे अक्षरात लिहा, आणि गोल करा. 3,47,62,815 असं छापलं की वाचणारा अडखळतो, "साडेतीन कोटीला थोडं कमी" लिहिलं की झालं. एका भाषणात तीन आकडे पुरे.

पण आकडे म्हणजे कोरडं असं पण नव्हे. 25 नोव्हेंबर 1949 चं बाबासाहेबांचं घटना समितीतलं भाषण काढून वाचा, ज्याला हे काम शिकायचंय त्यानं सावकाश, पेन्सिल घेऊन वाचावं. सुरुवातीला नुसता हिशोब आहे: समितीची पहिली बैठक 9 डिसेंबर 1946, कामाला लागलेली 2 वर्षं 11 महिने 17 दिवस, मसुद्यावर आलेल्या 7,635 दुरुस्त्या आणि त्यातल्या प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या 2,473. म्हणजे उशीर झाला म्हणणाऱ्यांचं तोंड आधी बंद. सहकाऱ्यांचं श्रेय नावानिशी देऊन टाकलंय. आणि मग शेवटी शेवटी तो भाग येतो, की 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता. दोन गोष्टी समोरासमोर उभ्या केल्यात, दोन्हीकडं सारखं वजन, सारखी रचना, ऐकणाऱ्याला तराजूच दिसतो. आधी हिशोबानं विश्वास मिळवलाय, म्हणून नंतरचा इशारा टोचतो. तुमच्या पतसंस्थेच्या अध्यक्षाच्या भाषणाला हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो, हसू नका, खरंच लागू पडतो.

वाक्य तोंडात बसतंय का

लिहून झालं की मोठ्यानं वाचा. मनात वाचून काही कळत नाही. जिथं तुमची जीभ अडकते तिथं त्यांची दोनदा अडकणार. "कार्यकर्तृत्वाच्या प्रदीर्घ", "सर्वंकष उत्कर्षार्थ" असले जोडाक्षरांचे गठ्ठे सरळ काढा. ज्येष्ठ माणूस असेल, कवळी असेल, तर स-श-ष एकामागोमाग येणारी वाक्यं पण बदला. आणि क्रियापद फार लांब ढकलू नका, मराठीत ते शेवटी येतं, मधे चार ओळींचं शेपूट लावलं की ऐकणारा कर्ता विसरून जातो.

कागदाची मांडणी पण इथंच करायची. चर्चिल आपली भाषणं टाईप करून घ्यायचा ती धडाधड परिच्छेदात नव्हे, प्रार्थनेच्या पुस्तकातल्यासारखी ओळी तोडून तोडून, म्हणजे नजर खाली गेली की एका झटक्यात एक तुकडा उचलता यायचा. वर अण्णांच्या भाषणाच्या ओळी तशाच तोडल्यात. 18-20 चा फॉन्ट, दोन ओळींत जागा, पानाचा खालचा तिसरा हिस्सा कोरा (नाहीतर वाचताना हनुवटी छातीला लागते आणि आवाज माईकखाली जातो), वाक्य एका पानावरनं दुसऱ्या पानावर न्यायचं नाही, पान नंबर मोठा, आणि स्टेपल मारायचा नाही. पान एका बाजूला सरकवता आलं पाहिजे, उलटताना फडफड माईकमधनं सगळ्यांना ऐकू जाते. मी एका पानावर शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर जात नाही, मग पान म्हणजे एक मिनिट असा हिशोब पण आपोआप होतो. "मा.", "श्री.", "रु." असली संक्षिप्त रूपं कागदावर नको, घाबरलेला माणूस ते "मा" असंच वाचतो. मोबाईलवर बघून वाचू देऊ नका, स्क्रीन लॉक होतो, वरनं मेसेज येतो, आणि लांबून बघणाऱ्याला साहेब व्हॉट्सॲप बघताहेत असंच वाटतं.

शेरोशायरी, सुविचार आणि ते चॅटजीपीटी

चारोळी एक. फार तर एक. ती पण बोलणाऱ्याला पाठ असेल तरच. कुणाच्याही नावावर कुणाचाही सुविचार खपवायची पद्धत पडलीय, फॉरवर्डमधला सुविचार नाव लावून वापरायचा नाही, मूळ सापडलं नाही तर सोडून द्यायचा. अण्णांच्या आईचं वाक्य कुठल्याही सुविचारापेक्षा मोठं आहे.

चॅटजीपीटीला सांगून लिहून घेणारे आता भरपूर झालेत. वापरा, मुद्दे जमवायला, आभाराची यादी लावायला काही हरकत नाही, पण ते तुमच्या अण्णांजवळ बसलेलं नसतं. त्याच्याकडनं "मंगलप्रसंगी"च येणार.

कुणाचं काय ऐकायचं

जुनी रेकॉर्डिंग शोधून ऐका, पण प्रत्येकाकडनं एकच गोष्ट घ्या. अत्र्यांकडनं अतिशयोक्ती किती बिनधास्त करता येते ते, "दहा हजार वर्षांत" म्हणताना लोकांना ती अतिशयोक्ती आहे हे माहीत असायचं आणि मजा त्यातच होती. प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांकडनं ओघ. पुलंकडनं विनोदाच्या आधीची शांतता. एन. डी. पाटील सरांकडनं मांडणी, आपल्या कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ज्यांनी त्यांना ऐकलंय त्यांना मी काय सांगू, आकडा, नियम, कलम आणि मग सवाल. हे चौघे एकाच भाषणात घालायला गेलात तर मात्र काहीच उरत नाही.

आणि उत्स्फूर्त बोलण्याचं कौतुक करताना एक लक्षात घ्या. 28 ऑगस्ट 1963 ला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या तयार कागदात "आय हॅव अ ड्रीम" हा स्वप्नाचा प्रसिद्ध भाग नव्हता, जवळच असलेल्या गायिका महेलिया जॅक्सन ओरडल्या की त्यांना स्वप्नाबद्दल सांगा, आणि ते कागद सोडून बोलायला लागले. पण तो भाग त्यांनी त्याआधी दुसऱ्या सभांमध्ये बोलून घोटलेला होता. म्हणून तुमच्या माणसाला सांगा, कागद सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण जी गोष्ट दहा ठिकाणी सांगून झालीय तीच सांगा, नवीन प्रयोग माईकवर नको.

अवघड प्रसंग

शोकसभा. इथं लांबी हाच सगळ्यात मोठा अपमान. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं, सात जण गेले. त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष रेगन बोलले ते जेमतेम चार मिनिटं, लिहिणारी पेगी नूनन. यानात एक शाळेतली शिक्षिका होती म्हणून देशभरातली शाळकरी पोरं ते उड्डाण लाईव्ह बघत होती, भाषणात मधेच त्या पोरांशी थेट बोललंय, बाकी सगळ्यांना बाजूला ठेवून. शोकसभेचं भाषण लिहिताना हेच करा, समोरच्या गर्दीत सगळ्यात जास्त कुणाला लागलंय ते शोधा आणि दोन वाक्यं तरी थेट त्याच्यासाठी ठेवा. गेलेल्या माणसाच्या पदांची यादी वाचू नका, त्याचा एक प्रसंग सांगा.

निवडणूक. मतमोजणीच्या आदल्या रात्री दोन कागद तयार पाहिजेत, गुलालाचा आणि दुसरा. उमेदवार दुसऱ्याचं नाव काढू देत नाही, अपशकुन म्हणतो, तरी लिहा आणि तुमच्या खिशात ठेवा. जुलै 1969 ला माणसं चंद्रावर उतरायच्या आधी विल्यम सफायरनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी असंच एक भाषण लिहून ठेवलेलं, दोघं अंतराळवीर तिथंच अडकून राहिले तर वाचायचं. ते वाचायची वेळ आली नाही, कागद फाईलीत राहिला. हरल्यावर अर्ध्या तासात माईक समोर येतो आणि त्या वेळी माणूस स्वतःच्या मनानं जे बोलतो ते पुढची पाच वर्षं लोक ऐकवतात.

चूक कबूल करायचं भाषण. 18 ऑक्टोबर 2019, सातारा, शरद पवार भर पावसात भिजत बोलले. फोटो पावसाचा गाजला, पण लिहिणाऱ्यानं बघायचं ते वेगळंच, लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली हे त्यांनी सरळ, "पण-परंतु" न लावता सांगितलं. राजकारण कुणाचं आवडो न आवडो, हे वाक्य कसं ठेवलंय ते बघा. चुकीच्या वाक्याला जोडून कारण आलं की लोक फक्त कारण ऐकतात.

तालीम

एकदा तरी उभं करून वाचून घ्या. बसून नाही, उभं. अडखळला तर त्याला दुरुस्त करू नका, कागद दुरुस्त करा. तो एखादा शब्द प्रत्येक वेळी बदलून म्हणतोय? मग त्याचाच बरोबर, तुमचा खोडा. "इथं थांबा" असं कंसात लिहिलेलं काही जण मोठ्यानं वाचतात, गंमत नाही सांगत, त्यामुळं अशा माणसाच्या कागदावर नुसती आडवी रेघ मारा आणि ती कशाची हे आधी सांगून ठेवा. शेवटचं वाक्य मात्र पाठ करून घ्या, ते म्हणताना नजर कागदात नसावी. आणि "जय हिंद, जय महाराष्ट्र" च्या आधी "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" हे काढा, वीस मिनिटांनंतर दोन शब्द म्हटलं की लोक हसणारच.

कार्यक्रमाच्या दिवशी कागदाच्या तीन प्रती. एक त्यांच्याकडं, एक तुमच्याकडं, एक ड्रायव्हरजवळ.

नाव कुणाचं

हे काम करायचं तर नाव होत नाही हे आधीच मान्य करा. केनेडींचं 20 जानेवारी 1961 चं शपथविधीचं भाषण जगाला पाठ, त्यांच्याबरोबर त्यावर राबलेला टेड सोरेन्सन. देश तुमच्यासाठी काय करेल हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय कराल ते विचारा, हे त्यातलं प्रसिद्ध वाक्य तुम्ही लिहिलं का, असं विचारलं की सोरेन्सन त्याच इंग्रजी वाक्यातले दोन शब्द उत्तर म्हणून द्यायचा: "आस्क नॉट". विचारू नका! आपल्याकडं चहाच्या टपरीवर "साहेबांचं भाषण मीच लिहिलंय" सांगणारे बघितलेत, त्यांना दुसऱ्यांदा कुणी बोलवत नाही. पैशाचं मात्र आधी बोलून घ्या, ओळखीत फुकट लिहायचं असेल तर ते पण स्वतःशी आधीच ठरवा, नंतर कुढत बसू नका.

झाल्यावर

भाषणाचं रेकॉर्डिंग मिळवा, आता सगळे मंडळवाले लाईव्ह करतात त्यामुळं अवघड नाही. कागद समोर ठेवून ऐका. त्यांनी कुठली वाक्यं गाळली, कुठं स्वतःचं काय घातलं, लोक कुठं हसले, कुठं मागं खुर्च्या वाजायला लागल्या, सगळं लाल पेनानं त्याच कागदावर मांडा. अण्णांनी किटलीनंतरची आमची दोन वाक्यं सरळ टाकून दिली आणि त्या तिघींपैकी एकीला नावानं हाक मारून तुझी म्हैस तेव्हा किती द्यायची ते विचारलं, ती बसल्या जागेवरनं ओरडली "चार लिटर!" आणि हॉल पाच मिनिटं आवरेना. त्या कागदावर तिथं लाल पेनानं लिहून ठेवलंय: पुढच्या वेळी अण्णांना प्रश्न विचारायला जागा ठेवायची, आणि हातातला माईक द्यायचा.